राजवाडा ते महेश्वर घाट : नव्वद किलोमीटरच्या धावेच्या सरावनोंदी

७ जुलै २०२४, रविवार

इंदूरच्या राजवाड्यापासून राऊ, महू, घाटाच्या तोंडाशी असलेला जाम दरवाजा आणि मंडलेश्वर या मार्गाने महेश्वरच्या अहिल्याघाटापर्यंत एका रात्रीत आणि पुढच्या अर्ध्या दिवसात धावत-चालत पोहोचायचे, असे आज ठरले. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर आहे आणि तारीख ११ जानेवारीची रात्र धरली आहे. बेचाळीस किलोमीटर आणि १९५ मीटरच्या पुढे जे अंतर जाते ते अल्ट्रामॅरेथॉनमध्ये मोडते, त्यामुळे ही धाव त्या व्याख्येत आरामात बसते. मी मात्र आजवर मॅरेथॉनच्या पलीकडे गेलेलो नाही. बरोबर रामबागेतला एक तरुण शेजारी धावणार आहे आणि मदतीची गाडी माझा मामेभाऊ चालवणार आहे.

अहिल्याबाईंच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष ३१ मे रोजी सुरू झाले, हे या मार्गाचे निमित्त आहे. त्यांची राजधानी महेश्वरला होती आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर होळकरांचे राज्यकेंद्र इंदूरला आले. आम्ही तोच प्रवास उलट करणार आहोत. मला या मार्गाचे खरे आकर्षण त्याच्या आकारामुळे वाटते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटरवर, महेश्वर सुमारे दीडशेवर आणि जाम दरवाजा इंदूरपेक्षाही उंचावर आहे. म्हणजे पन्नास किलोमीटर हलके चढत जायचे, मग पठाराची कड एकदम उतरायची आणि त्यानंतर निमाडच्या, म्हणजे खालच्या नर्मदाखोऱ्याच्या, सपाटीवर आणखी चाळीस किलोमीटर काढायचे. दमलेल्या पायांनी घाट उतरणे आणि उतरून झाल्यावरही धावत राहणे, हीच या मार्गाची मागणी आहे, म्हणून पुढच्या सहा महिन्यांचा सराव तिच्याभोवतीच रचायचा आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९२१ पासून होणारी कॉम्रेड्स मॅरेथॉन साधारण एवढ्याच अंतराची आहे. ती एका वर्षी डर्बनहून पीटरमॅरित्झबर्गकडे चढत जाते आणि बहुधा पुढच्या वर्षी उलट दिशेने उतरते. तिथले अनुभवी धावपटू उतरत्या वर्षाला सोपे मानत नाहीत, कारण त्या वर्षी मांड्या आधी जातात. तिथे वेळेची मर्यादा बारा तासांची आहे. आम्ही स्वतःला पंधरा दिले आहेत.

२१ जुलै २०२४, रविवार

चोरलच्या बाजूला कच्च्या वाटेवर जाऊन आलो. माळव्याची काळी माती पाण्याने फुगते आणि चिकटते; दोनशे पावलांत बुटाखाली अर्धा किलो चिखल जमतो आणि घोटा प्रत्येक पावलाला वेगळ्या कोनात पडतो. आमचा प्रत्यक्ष मार्ग डांबरी आहे, तेव्हा या चिखलातून मिळणाऱ्या सरावाची आम्हाला गरज नाही.

अशा वाटा टाळण्याचे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या भागातल्या ओढ्यांना वरच्या पावसाचे पाणी काही मिनिटांत येते. २०११ च्या जुलैत पाताळपाणीच्या धबधब्यावर लोंढ्यात माणसे वाहून गेली, ते इंदूरमध्ये कोणी विसरलेले नाही. सप्टेंबर संपेपर्यंत ओढा ओलांडावा लागेल अशी कोणतीही वाट घ्यायची नाही, असे ठरवले आहे. लांब धावा डांबरी रस्त्यावर होतील आणि चढ-उतार राळामंडळच्या टेकडीवर होईल.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

राळामंडळची टेकडी ७८२ मीटर उंच आहे आणि वर होळकरांचे शिकारगृह आहे. शहराच्या पातळीपासून तिचा उठाव सव्वादोनशे मीटरांच्या आसपास भरतो, म्हणजे तीच टेकडी पुन्हा पुन्हा चढून उतरल्याशिवाय घाटाचा हिशेब जमत नाही. टेकडी अभयारण्यात असल्यामुळे तिथल्या वेळा पाळाव्या लागतात आणि सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या अंगावर धावत जाऊ नये, एवढे पथ्य आहे. आज चढ पूर्ण चालत केला आणि फक्त उतार धावलो. एकूण उतार आठशे मीटरच्या वर गेला.

उताराचे गणित विचित्र आहे. २००२ साली मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी यांत्रिक पट्ट्यावर मोजून दाखवले की साधारण वीस टक्के उतारावर धावण्याचा ऊर्जाखर्च सर्वांत कमी असतो, सपाटीच्या जवळपास निम्मा. म्हणून उतरताना दम लागत नाही, हृदयाचे ठोके खाली येतात आणि आपण फुकट पुढे चाललो आहोत असे वाटते. त्याच वेळी मांडीच्या पुढच्या स्नायूंना प्रत्येक पावलाला शरीराचे वजन रोखून धरावे लागते आणि रोखताना ते ताणले जात असतात. ताणले जात असताना आकुंचन पावणे हे काम स्नायूच्या तंतूंना सर्वांत जास्त इजा करते. ही इजा त्या दिवशी पूर्ण जाणवत नाही. दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते. आमच्या घाटानंतर चाळीस किलोमीटर उरणार असल्यामुळे दुखण्याची चिंता मला कमी आहे; ताकदीची जी घट लगेच होते, तिची जास्त आहे.

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

जिना उतरताना कठडा धरावा लागतो. आईने याला सरळ "वय" असे निदान केले आहे.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

राळामंडळला तेवढाच उतार, तशाच पद्धतीने, ठरवून दोन आठवड्यांच्या अंतराने. याच मजकुरासाठी ही नोंदवही आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एकदा उताराचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच माराला बराच कमी बळी पडतो, हे व्यायामशास्त्रात चांगले प्रस्थापित आहे. त्यासाठी दर आठवड्याला स्वतःला मोडून घेण्याची गरज नसते. दोन-तीन आठवड्यांनी एकदा नेमका मारा पुरतो आणि मधल्या काळात सपाटीवरचा सराव अखंड चालू राहतो. हे डोक्यात ठेवून महिन्याचे चक्र बसवले आहे : तीन आठवडे अंतर वाढवायचे, चौथ्यात कमी करायचे, आणि उताराचा दिवस शक्यतो त्या कमी आठवड्याच्या आधीच्या रविवारी घ्यायचा. दर आठवड्याला दहा टक्क्यांनीच वाढवा, हा प्रसिद्ध नियम मी पाळत नाही. तो सोयीचा आहे म्हणून टिकला आहे, असे माझे मत आहे.

आठवड्यातून दोनदा बैठका सुरू केल्या. शेजारच्या आखाड्यातले वस्ताद बैठका भराभर मारायला लावतात, पण मी त्यांना विचारून वेगळा प्रकार घेतला : खाली जाताना मनात चार अंक मोजायचे आणि वर येताना नेहमीसारखे यायचे. पायरीवर एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाची टाच हळू खाली टेकवायची, हाही त्यातलाच प्रकार आहे. वस्तादांना ही बैठक फारशी पसंत पडली नाही, तरी त्यांनी गुडघा आत वळतो हे लगेच दाखवून दिले, आणि ते निरीक्षण बरोबर होते.

१८ सप्टेंबर २०२४, बुधवार

काल अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुकीत मिलांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, आणि आखाड्यांची पथके रात्रभर रस्त्यावर असतात, तेव्हा जागरणाचा सराव म्हणून संध्याकाळी पंधरा किलोमीटर धावून मग पहाटेपर्यंत मिरवणुकीबरोबर पायी फिरलो. पहाटे तीन ते पाच या वेळात विचार मंदावतो आणि भूक असूनही खावेसे वाटत नाही, हे कळले. जानेवारीत याच दोन तासांत आम्ही महूच्या पुढे लागणाऱ्या बडगोंद्यापलीकडच्या निर्मनुष्य भागात असू, म्हणून त्या वेळचे खाणे घड्याळाच्या गजरावर सोपवायचे आहे. कॉफी रात्री दोनच्या आधी घ्यायची नाही.

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पावसाळा सरला आणि ऊन परत आले. आज घामाचे माप घेतले. धावण्याआधी आणि नंतर अंग कोरडे करून वजन केले : दीड तासात १.४ किलो घट झाली आणि मध्ये ४०० मिलिलिटर पाणी प्यायले होते. एक किलो म्हणजे एक लिटर धरले तर तासाला सुमारे १.२ लिटर घाम जातो. जानेवारीच्या रात्री तो निम्म्याच्या आत येईल आणि निमाडात दुपारी पुन्हा वाढेल, असा अंदाज धरून गाडीतले पाणी ठरवायचे आहे.

तेवढेच पाणी भरून काढायचे, असा मात्र याचा अर्थ नाही. लांब अंतरावर गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातले सोडियम घसरते आणि माणूस गुंगीत जातो. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या सहनशक्तीच्या शर्यतींतली अशी प्रकरणे प्रसिद्ध केली, त्या काळात धावपटूंना तहान लागण्याआधी प्या असेच सांगितले जात होते. आमचा नियम सोपा आहे : तहान लागली की प्यायचे, वजन थोडे घटू द्यायचे, आणि बोटांतली अंगठी घट्ट वाटू लागली किंवा वजन वाढलेले दिसले तर पाणी थांबवायचे. मामेभाऊ गाडीत वजनकाटा ठेवणार आहे.

दुकानातल्या ओआरएसच्या पुडीबद्दल सोबत्याचा समज होता की तीतून ताकदही मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. तेरा-साडेतेरा ग्रॅम साखरेत अर्धे केळेच बसते. ती पुडी पाणी आणि क्षार शरीरात नेण्यासाठी असते, खाण्याची सोय वेगळीच करावी लागते.

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल बत्तीस किलोमीटर, आज चोवीस. सलग दोन दिवसांची ही जोडी एका दिवसात पन्नास करण्यापेक्षा मला उपयोगी वाटते, कारण दुसऱ्या सकाळी पाय आधीच जड असतात आणि तरीही दुखापत होण्याइतके अंतर एका वेळी होत नाही. वेग किलोमीटरला साडेसात मिनिटे ठेवला; सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले पाहिजे, ही एकमेव कसोटी होती. पंचविशीतल्या माणसाला इतके हळू धावणे अपमानास्पद वाटते, पण तो ते कबूल करत नाही.

ताशी पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, असे लक्ष्य आहे. मध्यम केळ्यात सुमारे पंचवीस ग्रॅम असतात आणि शंभर ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात वीसच्या आसपास. गूळ-शेंगदाण्याची चिक्की थंडीत दातांना कठीण जाते, पण पोटाला चालते. साबुदाण्याची खिचडी थांबून खाल्ली तर उत्तम ठरते. धावता धावता ती खाता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर घरात फराळ तयार असल्यामुळे शंकरपाळेही तपासले : चव शेवटपर्यंत टिकली, पण तोंड कोरडे पडले आणि प्रत्येक घासाला पाणी लागले, म्हणून ते गाडीत राहतील, खिशात येणार नाहीत.

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

जानापाव. उंची ८५४ मीटर, चंबळेचा उगम, वरपर्यंत डांबरी रस्ता. कार्तिकी पौर्णिमेला तिथे जत्रा भरते आणि ती येत्या शुक्रवारी आहे, म्हणून आजच उरकले. डांबरावरचा उतार राळामंडळच्या मातीपेक्षा कडक लागतो. पावले आखूड आणि भराभर टाकली, टाच पुढे रोवून ब्रेक लावण्याचे टाळले आणि छाती किंचित पुढे ठेवली, तेव्हा आवाज कमी झाला. पाऊल किती जोरात आदळते हे कानाला मांडीच्या आधी कळते, म्हणून उतारावर कानात गाणी लावायची नाहीत.

८ डिसेंबर २०२४, रविवार

प्रत्यक्ष मार्गाची पाहणी केली. महूहून पहाटे निघून जाम दरवाजापर्यंत गेलो, घाट उतरलो आणि पायथ्याला थांबलो. महूच्या आसपास लष्कराच्या हेमा आणि बेरछा या गोळीबाराच्या सरावभूमी आहेत; आडवाटेने अंतर वाचवण्याचा विचार त्यामुळे पहिल्याच मिनिटाला सोडून दिला. या टापूत बिबट्यांचा वावर आहे, म्हणून अंधारात दोघांनी एकमेकांपासून दहा पावलांहून लांब जायचे नाही आणि गाडी एक किलोमीटरच्या आत ठेवायची, असे ठरले.

माळव्याची ही कड काळ्या दगडाच्या थरांची आहे आणि ती इथे नर्मदेच्या खोऱ्याकडे तुटते. रस्त्याला ती वळणे घेत उतरावी लागते, आणि रेल्वेला पूर्वी थोड्या पूर्वेला पाताळपाणी-कालाकुंडच्या बाजूने उतरावी लागली. तिथला चढ चाळीसला एक, म्हणजे अडीच टक्के आहे. ज्या रेल्वेसाठी दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये १०१ वर्षांच्या मुदतीने साडेचार टक्के व्याजावर दिले, तिला इंजिनाच्या सोयीचा उतार शोधून काढावा लागला. आमचा रस्ता त्याहून बराच तीव्र आहे आणि काही वळणांवर ट्रक आतली बाजू धरून येतात. घाट अंधारात उतरायचा नाही, हा निर्णय इथे पक्का झाला.

त्याची किंमत आहे. घाटाच्या तोंडाशी उजाडायच्या सुमारास पोहोचायचे तर राजवाड्याहून रात्री अकराला निघावे लागते, आणि मग शेवटचे पंचवीस किलोमीटर दुपारच्या उन्हात येतात. नऊला निघालो तर ऊन टळते, पण घाट पहाटे साडेचारला येतो. सोबत्याचा कौल नऊला होता. ऊन हळूहळू वाढते आणि त्यावर पाणी, टोपी, ओला पंचा असे उपाय आहेत. चुकीच्या वळणावर आलेल्या ट्रकवर कोणताच नाही. अकरा ठरले.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

जानापावला शेवटचा जोरदार उतार, एकूण हजार मीटरच्या वर. दिवस मोजून निवडला आहे : तीन आठवड्यांत स्नायू पूर्ण भरून येतील आणि मिळालेले संरक्षण अजून शाबूत असेल. मंगळवारपर्यंत फरक कळेल.

२४ डिसेंबर २०२४, मंगळवार

जिना कठडा न धरता उतरलो. मांड्या जड आहेत, दुखत नाहीत. ऑगस्टमध्ये याहून कमी उतारावर काय झाले होते, ते वर नोंदलेले आहेच.

५ जानेवारी २०२५, रविवार

अंतर निम्म्यावर आणले आहे. गाडीचा कागद तयार झाला : थांबे राऊ, महू, बडगोंदा, जाम दरवाजा, घाटाचा पायथा आणि त्यानंतर दर पाच किलोमीटरवर. त्या रात्री पौष शुद्ध त्रयोदशी आहे, म्हणजे पहाटे पाचच्या सुमारापर्यंत चंद्र साथ देईल आणि पुढचे दीड-दोन तास दिव्यावर काढावे लागतील. डोक्यावरच्या दिव्यांच्या जादा बॅटऱ्या गाडीत ठेवल्या आहेत आणि परावर्तक जाकिटे दोघांनाही सक्तीची आहेत. औषधांच्या डब्यातून वेदनाशामक गोळ्या काढून टाकल्या. स्नायू झिजत असताना आणि पाणी कमी पडत असताना त्या मूत्रपिंडावर ताण देतात. लघवी गडद तपकिरी झाली तर धाव तिथेच थांबवायची, यावर तिघांचेही एकमत आहे.

१२ जानेवारी २०२५, रविवार, महेश्वर, संध्याकाळ

राजवाड्याहून रात्री अकरा वाजता निघालो, तेव्हा सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात गर्दी ऐन भरात होती. महूपर्यंत किलोमीटरला आठ मिनिटे. प्रत्येक चढ चालत गेलो, अगदी जो चढ आहे की नाही यावर वाद होऊ शकेल तोसुद्धा. महूच्या छावणीत गस्तीवरच्या जवानाने चौकशी केली आणि महेश्वर हे उत्तर ऐकून पुन्हा एकदा चौकशी केली. बडगोंद्याच्या पुढे धुके होते, चंद्र मावळला आणि दिव्याचा उजेड धुक्यावरून परत डोळ्यांत येऊ लागला, म्हणून दिवे कपाळावरून काढून कमरेला बांधले. रस्ता लगेच दिसू लागला. गजराप्रमाणे खाल्ले, इच्छा नव्हती तरी.

जाम दरवाजाला सहा पन्नासला पोहोचलो. दहा मिनिटे बसलो, मोजे बदलले, आणि घाट ठरल्याप्रमाणे किलोमीटरला साडेआठ मिनिटांनी उतरलो. याहून वेगाने उतरता आले असते, कारण श्वास शांत होता आणि उताराने पाय आपोआप पळत होते. सोबती दोनदा पुढे गेला आणि दोनदा मी त्याला हाक मारून मागे घेतले. पायथ्याला गाडीजवळ दोघांनी पाच संथ बैठका मारून पाहिल्या. मांड्या थरथरल्या नाहीत. सहा महिन्यांच्या सरावाची परीक्षा त्या पाच बैठकांत होती आणि ती पार पडली.

अडचण आली ती पोटाची. पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास गोड पदार्थ घशाखाली जाईनात, केळ्याच्या वासानेही मळमळू लागले. कापसाच्या आणि मिरचीच्या शेतांमधला तो रस्ता सावलीविना आहे. वीस मिनिटे नुसते चाललो, मानेवर ओला पंचा ठेवला, वजन केले. ते सुरुवातीपेक्षा दीड किलोने कमी भरले, म्हणजे पाणी जास्त झालेले नव्हते. मग मीठ लावलेला बटाटा आणि ताक एवढ्यावर भागवले आणि तासाभरात पोट बसले. मंडलेश्वरपासून सोबत्याच्या टाचेला फोड आला, तेव्हा त्याच्या चालीने पाच मिनिटे धावणे आणि दोन मिनिटे चालणे असा क्रम धरला. घाटावर दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी पोहोचलो. चौदा तास चाळीस मिनिटे. मामेभावाने घरी फोन लावून आधी आईला दिला.

१९ जानेवारी २०२५, रविवार

जिन्याची चाचणी बुधवारीच निर्दोष झाली होती. डाव्या अंगठ्याचे नख काळे पडले आहे आणि तळवे अजून हुळहुळतात. पुढच्या वेळी अर्ध्या मापाने मोठे बूट घाटाच्या पायथ्याशी बदलायला ठेवावे लागतील. गाडीतल्या खाण्यात पन्नास किलोमीटरनंतरचा निम्मा भाग खारट असावा, असा बदल कागदावर केला आहे.

सोबत्याला आता कॉम्रेड्सच्या धर्तीवर उलट दिशेने, महेश्वरहून इंदूरला यायचे आहे. त्यात निमाड संध्याकाळी निघून थंडाव्यात ओलांडता येईल आणि घाट चालत चढावा लागेल. मांड्यांचा प्रश्न जवळपास उरणार नाही. पोटऱ्यांचा आणि टाचेमागच्या शिरेचा उभा राहील. चढाचे ट्रक रात्री किती वाजेपर्यंत चालतात, ते आधी मंडलेश्वरच्या नाक्यावर दोन रात्री बसून पाहायचे ठरले आहे, आणि त्यासाठी मामेभाऊ फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोकळा आहे.